भुवईवरचा वण

फुटलेली बांगडी. तोफांची सलामी. छिन्नीची टकटक. पाळण्याची दोरी.

गादीवर बसल्यापासून मुलगा आंधळ्या आईसाहेबांना भेटला नव्हता. आज त्याने सरदारांना वाटलेलं आपल्या मुखाचं सोन्याचं पदक त्यांनाही पाठवलं. ते घडवणारा यमाजीच घेऊन आला. आईसाहेबांनी अंगठ्याने नाक, ओठ, कपाळ चाचपलं. अंगठा डाव्या भुवईवर पुन्हा पुन्हा फिरला.

“इथला वण कुठाय, यमाजी?”

“मी कोरला होता, आईसाहेब. राजाच्या मुखावर खोट नको, म्हणून महाराजांनीच घासायला लावला.”

“मग हे दुसऱ्या कुणाचं असेल. देऊन टाक एखाद्या सरदाराला.”

पदक त्यांनी परत दिलं. रिकाम्या तळव्यावर अंगठा मात्र फिरतच राहिला.

पाजताना आईसाहेबांची बांगडी पिचून बाळाच्या भुवईत रुतली, तेव्हा त्यांना दिसत होतं.