दुसरा फोटो

"गुदाशयातली गाठ पार बाहेरच्या आवरणाच्या कडेला टेकली आहे. आत्ता ऑपरेशन नाही," पहिला एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले. आधी शेक देऊन गाठ लहान करू, हे त्यांचं पुढचं बोलणं रोहणा गावच्या नत्थूजींच्या कानात शिरलंच नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलेला एकही माणूस गावात टिकलेला त्यांनी पाहिला नव्हता.

"हात टेकले त्यायनं," ते लीलाबाईंना म्हणाले. बायकोच्या हट्टापायी त्यांनी सव्वा महिना रेडिएशनचे शेक घेतले खरे. पण आता वावर तूच पाहा म्हणत विहिरीवरच्या मोटरघराची चावी आर्वीच्या लेकीच्या, मंजुषाच्या, हवाली करून टाकली.

दोन महिन्यांनी दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी धरले. जिथे गाठ कडेला चिकटून होती, तिथे आता तुरीच्या दाण्याएवढी मोकळी जागा दिसत होती.

"गाठ आखडली, नत्थूजी. आता सोमवारी ऑपरेशन करू."

लीलाबाईंनी घाबरून पदर तोंडाला लावला. नत्थूजींनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि बाहेरची अख्खी रांग वळून पाहील अशा आवाजात म्हणाले, "मंजुषा, मोटरीची चाबी परत आणजो वं! डॉक्टर मले कापतो म्हन्ते!"