मालकांच्या मनगटावर

मनुष्यबळ अधिकारी मृदुला सबनीसनं मनगटावरचा पट्टा सोडून मालकांपुढे धरला. "साहेब, माणसं तुम्ही कमी करताय. आज पट्टाही तुम्हीच बांधा."

कामावरून काढल्या जाणाऱ्याच्या मनातली भीती काढणाऱ्यालाही जाणवलीच पाहिजे, असा कायदा होता. पट्टा ती भीती पोचवायचा. आजवर कंपनीत ती एकट्या मृदुलानंच सोसली होती.

भोगलेसाहेबांनी चिडून पट्टा बांधला. समोर फिटर दस्तगीर मुलाणी येऊन बसला. त्याची भीती पट्ट्यातून आली आणि साहेबांना दरदरून घाम फुटला.

"प्रत्येक वेळी असंच होतं तुम्हाला?"

मृदुलानं मान डोलावली.

"कुणालाच काढायचं नाही," साहेब कसेबसे म्हणाले. "सगळ्यांचाच पगार थोडा कापू. माझा सगळ्यात जास्त."

दस्तगीरचा जीव भांड्यात पडला, तसे साहेबही खळखळून हसले. मृदुला बातमी सांगायला धावतच कारखान्यात गेली.