दुधाचा बाण

"बिल्कीस, तुह्या पोराले या पोरीच्या मायनं पाजलं होतं ना?"

पानाचा विडा गालात सारत म्हाताऱ्या खालाने विचारलं आणि मंगनीच्या भरल्या बैठकीतल्या सगळ्या नजरा बिल्कीसकडे वळल्या. एकाच बाईचं दूध प्यालेले म्हणजे भाऊ-बहीण. त्यांचा निकाह कसा व्हायचा? अंगठीची डबी बिल्कीसच्या हातातच राहिली.

गोष्ट खरी होती. मूर्तिजापुरात बिल्कीस नवरीच्या घराशेजारी राहायची तेव्हा टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती. नवरीच्या, अफिफाच्या, अम्मीनेच बिल्कीसच्या थोरल्याला, गुलफामला, पाजून जगवलं. आजची मंगनी धाकट्या नियाजची. पण भावाची बहीण ती आपलीही बहीणच, असं कोणीतरी पुटपुटलं आणि माना डोलल्या. नियाजचा चेहरा पांढराफटक पडला. नवरदेवाचा भाऊ म्हणून सकाळपासून ऐटीत मिरवणारा गुलफाम तर असा खालमानेने बसला, जणू ते दूध तो आत्ताच चोरून प्याला होता.

आतल्या खोलीतून अफिफा बाहेर आली. अमरावतीच्या कॉलेजात ती तर्कशास्त्र शिकवायची, तेही म्हणे चित्रं काढून. बिल्कीसला त्याचं हसू यायचं.

"हाफिजजी, दुधाचं नातं कोनाले लागते?" तिने मंगनीसाठी बोलावलेल्या मशिदीतल्या हाफिजजींना विचारलं.

"जो पेला, त्याले."

तिने खालाच्या पानदानातला चुना बोटावर घेतला आणि काळ्या फरशीवर ठिपके मांडले. अम्मी, तिच्याखाली आपण. बाजूला बिल्कीस, तिच्याखाली गुलफाम आणि नियाज. आईकडून लेकरांकडे जन्माचे बाण काढले. शेवटी अम्मीपासून गुलफामपर्यंत एक दुधाचा.

"आता माह्या अम्मीपासून निघा अन् नियाजपर्यंत या. बाण जाते तिकडंच जायचं, उलटं नाई."

हाफिजजींचं बोट गुलफामपाशी येऊन थांबलं. तिथून नियाजकडे बाणच नव्हता.

"बराबर हाय. नातं गुलफामवरच संपते, भावाले लागत नाई," ते मोकळं हसले. "निकाह जायज हाय!"

बिल्कीसचा जीव भांड्यात पडला. तिला रडूही आलं आणि हसूही. "मी आपलं इचारलं," म्हणत खालाने नवा विडा लावायला घेतला.

गुलफाम मात्र अजून फरशीकडेच बघत होता. अम्मीपासून दोन बाण निघाले होते. एक अफिफाकडे, एक त्याच्याकडे. त्याला सख्खी बहीण नव्हती. तो उठला आणि पलीकडे नवरीवाल्यांच्या गादीवर जाऊन ऐसपैस मांडी घालून बसला.

"कुठं चालला रे?" बिल्कीसने विचारलं.

"माह्या बहिणीकडं," त्याने मान ताठ केली. "हं, बोला. तुमचा पोरगा काय करते?"