उंबऱ्यावरचा शब्द

मी लिहिलेला भुताचा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा आई सुरुवातीलाच पानाचा डबा खटकन मिटून चालती झाली होती. पडद्यावरची सून उंबरा ओलांडताना ‘जाते’ म्हणाली, म्हणून. “घरातून निघताना ‘येते’ म्हणतात, एवढंही लेखिकाबाईंना ठाऊक नाही? नाक कापलंस, खुकू.” पुढे कितीतरी वर्षं कोलकात्यातल्या नातेवाइकांत तिने माझी चूक मिरवली. शेवट कधी पाहिला नाही, आणि मीही हट्टाने सांगितला नाही. परवा श्यामबाजारात तोच सिनेमा पुन्हा लागला. मी तिला मुद्दाम रांगेच्या मधोमध बसवलं. शेवटी सुनेच्या फोटोला हार दिसला; ती पहिल्या प्रसंगाआधीच मेलेली होती. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. तिने डबा उघडून पान लावलं आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं म्हणाली, “मी तेव्हाच ओळखलं होतं. जिवंत बाई ‘जाते’ म्हणेल कशी?”