पिवळा रंग येईपर्यंत

“हिरवंच,” सासूबाई म्हणाल्या आणि काचेची नळी पुन्हा एकदा खिडकीच्या उजेडात धरली.

“आजही?” सून हात पुसत स्वयंपाकघरातून आली. “अहो आई, नऊ आठवडे झाले. रिकाम्या पाण्याची एवढी सरबराई मी आयुष्यात कुणाची केली नाही.”

“पाण्याला घाई करून चालत नाही.”

“पाण्याला नसेल हो, मला आहे!” तिच्या पायात शेजाऱ्यांचं मांजर घोटाळत होतं. “आणि ह्याला हाकला कुणीतरी. घरात तीन माणसं, पण ह्याला माझीच बोटं चाटायची असतात.”

मुलाचा रक्तदाब वाढला होता. रोज अर्धा तास शांतपणे मासे बघत बसा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ही टाकी आली. पण दुकानदारानं बजावलं, नव्या पाण्यात मासे सोडले तर दोन दिवसांत मरतील. आधी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाऊ टाकायचा. तो कुजतो, पाण्यात विष तयार होतं, आणि ते विष खाणारे जिवाणू हळूहळू खडीत घर करतात. ते पुरेसे झाले की पाणी माशांच्या लायकीचं. तपासायला औषधाचे थेंब. हिरवा रंग म्हणजे विष, पिवळा म्हणजे निर्धास्त. सलग दोन दिवस पिवळा आला की मासे न्या. सहा आठवडे धरून चाला.

मुलानं लगेच आईला फोन लावला. चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ्या धुण्यात आणि द्रावणं मोजण्यात गेलेली बाई. “थेंब मोजायला तुझ्याशिवाय आहे कोण?”

त्या एक बॅग घेऊन आल्या. एकट्या राहायला लागल्यापासून त्यांचा एक नेम होता. कुणाच्याही घरी, अगदी मुलाच्याही, आपलं काम असेल तेवढेच दिवस राहायचं. काम संपलं की बॅग उचलायची. गेल्या खेपेला सुनेचा पाय मोडला तेव्हा आल्या होत्या. प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी त्या गाडीत बसल्या. पुढे दोन महिने सून फोनवर तुटक बोलत होती. आपलं काय चुकलं, हे त्यांना कळलं नाही. जास्तच राहिलो असू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सहाव्या आठवड्यात एकदा पिवळा आला होता. मुलानं टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी बॅगेत साड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी नळी पालकाच्या रसासारखी गर्द हिरवी!

“अरे देवा!” सून केवढ्यानं ओरडली. मग त्या दोघी टाकीसमोर चहा घेऊन बसल्या आणि उन्हं वर येईपर्यंत बोलत राहिल्या. हे रोजचंच झालं होतं. ऑफिसातल्या साहेबाच्या नकला, भाजीवालीची भांडणं, आणि मध्येच, “आई, माझे केस विंचरता का जरा?” चौथ्या वर्षीच आई गेलेली पोर. केस विंचरून घेताना मान कशी धरायची, हेही तिला माहीत नव्हतं.

सासूबाईंचा संशय मुलावर होता. “खरं सांग, तू चोरून खाऊ टाकतोस?”

“कुणाला? दगडांना?” तो टाकीसमोर आरामखुर्चीत पसरला होता. “आई, ही रिकामी टाकी बघूनच माझा रक्तदाब उतरला. मासे आले तर पुन्हा चढायचा.”

तरी त्यांनी खाऊचा डबा बॅगेत ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत. चार दिवस दाणाही पडला नाही. पाणी हिरवं ते हिरवंच.

पाचव्या दिवशी त्यांच्या कानावर सुनेचं फोनवरचं बोलणं पडलं. “हो गं, अजून आहेत. पाणी तयार झालं की निघणार म्हणतात. काय सांगू, रोज सकाळी त्या नळी हलवतात ना, माझ्या काळजाचा ठोका चुकतो.”

सासूबाई आल्या पावली मागे फिरल्या. खोलीत जाऊन देवापुढे हात जोडले. बिचारी तोंडावर काही बोलत नाही, पण दिवस मोजते आहे. आता हे पाणी चार दिवसांत पिवळं करायचं आणि हसतमुखानं निघायचं. त्यांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं, चपला घातल्या आणि दुकान गाठलं.

दुकानदारानं बाटलीत थेंब टाकले, हलवली आणि कपाळाला हात लावला. “आजी, हे चिमूटभराचं काम नाही. रोज मूठभर पडतंय ह्यात.”

“कसं पडेल? डबा माझ्या कुलपात आहे.”

“तो पहिला. बाकीचे?”

“कुठले बाकीचे?”

“सूनबाई नेतात की, दर शनिवारी ऑफिसातून येताना. परवा चौथा नेला. मी त्यांना पहिल्याच वेळी सांगितलं होतं, अहो ताई, एवढा खाऊ टाकलात तर हे पाणी कधीच तयार होणार नाही.”

“मग? काय म्हणाली?”

“म्हणाल्या, नक्की ना?”

सासूबाईंनी दुकानदाराच्या मागे पाहिलं. मागच्या टाक्यांमध्ये केशरी मासे गिरक्या घेत होते. त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

“एक डबा द्या,” त्या म्हणाल्या. “मोठा.”