कुठं उतरवू?

"आउटरँक म्हणजे हुद्द्याने वरचढ असणं," हंसाने इंग्रजीच्या वर्गात मुलांना सांगितलं आणि वाक्य मागितलं.

"बोटीवर तांडेल मालकालापन आउटरँक करतो," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

"आणि मासळी वाळूवर आली की?" हंसाने विचारलं.

"मग तांडेलाची बायको!" सगळा वर्ग हसला.

हंसाही हसली. तिचे बाबा तांडेलच होते, बोट त्यांच्या हुकमावर चालायची. ते गेल्यापासून आई भिंतीला टेकून बसली होती. बोलत नव्हती, धड जेवतही नव्हती.

संध्याकाळी नवा तांडेल, चुलतभाऊ कमलेश, पहिल्या फेरीची मासळी घेऊन दारात आला. डोक्यावरची पाटी तशीच धरून म्हणाला, "काकी, कुठं उतरवू?"

"ठेव ना मोरीपाशी, नेहमीसारखी," हंसा म्हणाली.

"तू गप, बाय. काकीला सांगू दे."

पाटीतलं पाणी त्याच्या मानेवरून गळत राहिलं. तो हलला नाही. शेवटी आई उठली.

"खांबासारका उबा काय रायलास? मोरीपाशी ठेव. आन बर्फ कुठं हाय?"

इतकी वर्षं पाटी मोरीपाशीच उतरत आली होती. तरी बाबा रोज दारात थांबून आईला विचारायचे.