इमानं मागवलेला मासा

मासा कशालाच तोंड लावत नव्हता. चपटा, केशरी पट्ट्यांचा, सुईसारख्या लांब चोचीचा तो मासा दगडाच्या सावलीत भिंतीकडे तोंड करून उभा होता. काचेपाशी खुर्ची ओढून एजिदिओ बसला होता. बायकोला, इमाला, माती देऊन आल्यापासून तो तिथेच होता.

खाऱ्या पाण्याची ही टाकी इमानं आजारपणात पलंगासमोर लावून घेतली होती. तिच्यातले मासे एकेक करून गेले आणि शेवटी इमाही गेली. हा मासा तिनंच दुकानदार दोनातोला सांगून ठेवला होता. तो आला नेमका दफनाच्या दिवशी. घरात रडारड चालली होती. दोनातोनं मान खाली घालून मासा टाकीत सोडला आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

"तिचं शेवटचं मागणं आहे हे," एजिदिओ येईल त्याला सांगायचा. "हा मेला तर ते मागणंही मेलं." मग हळूच म्हणायचा, "तो खाईल तेव्हा मी खाईन."

तारांतो बंदरात दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी शिजवून आणतात आणि समोर बसून जेवू घालतात. तशी सगळी गल्ली आली. कोंबडीचं सार आलं, शिजवलेले चणे आले, पाव आला. एजिदिओनं चमचा उचलला नाही. मग दुखवट्याचा घास माशापर्यंत पोचला. तोही त्या घरातलाच, त्याला उपाशी कसं ठेवायचं? कुणी पावाचा चुरा टाकला, कुणी चणा कुस्करून टाकला. शेजारच्या म्हाताऱ्या नुन्त्सियाताईंनी तर चमचाभर सारच ओतलं.

"ज्यानं चोच दिली तो चाराही देतो," त्या म्हणाल्या.

"चारा ढीगभर आहे, ताई. चोच उघडत नाही," एजिदिओ म्हणाला.

"मग तूच उघडून दाखव की. तुझं बघून शिकेल."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

पाणी गढूळ झालं. माशाचं पोट खपाटीला गेलं. एजिदिओचे गालही तसेच बसत चालले होते, पण काचेत त्याला मासाच तेवढा दिसत होता.

दोनातो चौकशीला आला, त्यानं टाकीत तरंगणारा चणा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"माशाला सार कुणी पाजलं?"

"मी," नुन्त्सियाताई म्हणाल्या. "चांगलं कोंबडीचं होतं."

दोनातोनं सगळ्यांना बाहेर काढलं, पाणी बदललं, मग एजिदिओपाशी उकिडवा बसला. "काका, वरून पडलेलं हा खात नाही. एवढी माणसं टक लावून बसली तर मुळीच नाही. हा फटीत चोच घालून जिवंत ओढून खातो. ताजं शिनाणं हवं, शिंपलं अर्धं उघडून."

"मी आणते बाजारातून," दारातूनच नुन्त्सियाताई म्हणाल्या.

"बाजारातलं बर्फावर पडून मेलेलं असतं," एजिदिओ म्हणाला.

शिनाण्यांत, या काळ्या शिंपल्यांच्या शेतीत, त्याचा जन्म गेला होता. धाकट्या समुद्रात, म्हणजे गावालगतच्या खाडीत, अजून त्याच्या शिनाण्यांच्या दोऱ्या खांबांवरून सोडलेल्या होत्या. पण इमा अंथरुणाला खिळली तशी त्यानं होडी किनाऱ्यावर पालथी घातली ती घातलीच. होडीला गिऱ्हाईक बघ, असं भाच्याला सांगूनही ठेवलं होतं. आता कुणासाठी पाण्यावर जायचं?

सकाळी तो उठला. होडी सुलटी करताना दोनदा बसावं लागलं. वल्ही मारत तो आपल्या खांबांपाशी गेला आणि शेवाळलेली दोरी वर ओढली. काळी, जड शिनाणी घोसाघोसांनी लगडली होती. कुणी विचारपूस केली नव्हती, तरी ती वाढली होती. ओल्या दोरीला कपाळ टेकून एजिदिओ रडला. दफनातही तो रडला नव्हता.

घरी येऊन त्यानं एक शिनाणं तळहातावर धरलं आणि सुरी फिरवली. ते अर्धंच उघडलं, दोऱ्याला बांधलं, दगडाजवळ सोडलं आणि तो दाराआड जाऊन उभा राहिला. शेजारी नुन्त्सियाताई आणि दोनातो. कुणी श्वास मोठ्यानं घेत नव्हतं.

मासा वळला. एका डोळ्यानं त्यानं शिनाण्याकडे पाहिलं, मागे सरला, पुन्हा पुढे आला. मग लांब चोच फटीत गेली आणि पिवळ्या मांसाचा एक तुकडा तुटून आला.

नुन्त्सियाताईंनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि ताट पुढे सरकवलं. "शब्द दिला होतास. बस आता."

एजिदिओनं पाव मोडला, सारात बुडवला. पहिला घास त्यानं खाल्ला.

"तिला माशांतलं काय कळत होतं," तो म्हणाला. "रंगाला भुलली असेल बिचारी. नाहीतर असला हट्टी मासा कुणी घेतं? याला रोज जिवंत शिनाणं कोण आणून देणार?"

दोनातो हातातली टोपी चुरगाळत होता.

"काका, मी त्यांना गरीब मासे दाखवले होते. चिमूटभर सुकं टाकलं की भागतं, असे. नको म्हणाल्या."

"मग?"

"म्हणाल्या, ज्याच्यासाठी ह्यांना रोज सकाळी होडी काढावी लागेल, असा दे."